काकांनी माझा हत्ती नेला का?

*प्रिय मावशी,*

*सिंहगड रोडला आमचा तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे. २०१७ मध्ये घेतला, दोघांच्या नावावर, लोन अजून चालू आहे. आता चिऊ साडेचार वर्षांची आणि बाळ दीड वर्षाचं झालंय. जागा पुरेना, म्हणून वारज्याला टू बीएचके बघितला आणि दोन लाख देऊन विसार पावती केली. बाकीचे पैसे दसऱ्यापर्यंत द्यायचेत आणि ते आमचा फ्लॅट विकूनच येणार.*

*जूनपासून घर दाखवतोय. ब्रोकरचा फोन येतो, "मॅडम, पार्टी खाली उभी आहे, वर आणू का?" की माझी पळापळ सुरू. खेळणी पोत्यात भरून माळ्यावर, ओली दुपटी वॉशिंग मशीनमध्ये, कुकर शिट्टीच्या आधी बंद, उदबत्ती लावायची, बाळ झोपलं असेल तर उठवायचं. तीसेक पार्ट्या झाल्या. मिस्टर चाकणला असतात, सकाळी साडेसहाच्या बसने जातात, त्यामुळे सगळं माझ्यावर.*

*गेल्या रविवारी एक पार्टी जवळजवळ पक्की होती. ते बाथरूम बघत होते तेव्हा चिऊ म्हणाली, "काका, आमचं पाणी खालच्या आजींच्या घरात पडतं. मग आजी ओरडतात." ती पार्टी गेली ती गेलीच. मी रागाच्या भरात तिच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून ती रात्री अंथरूण ओलं करतेय. वर्षापूर्वी ते पूर्ण बंद झालं होतं. रोज झोपताना विचारते, "काकांनी माझा हत्ती नेला का?" हत्ती माळ्यावरच्या पोत्यात आहे, रोज कोण काढणार!*

*मिस्टर म्हणतात, मुलांना घेऊन दोन महिने साताऱ्याला माहेरी जा, घर मोकळं दिसलं की विकलं जाईल. सासूबाई म्हणतात, पोरीला वळण लाव. गणपती आठवड्यावर आलेत आणि मला आरास करायचीही इच्छा नाही. मावशी, तिला गप्प कसं बसवू? आणि साताऱ्याला जाऊ का?*

*— एक दमलेली आई, पुणे*

अगं बाई,

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा हत्तीपाशी थांबले. तू पत्रात दोन प्रश्न विचारलेस, पण खरा प्रश्न तुझ्या लेकीने विचारलाय आणि त्याला उत्तर मिळालेलं नाही. तिथूनच सुरुवात करते.

तिच्या जागी बसून बघ. जूनपासून घरात अनोळखी माणसं येतात. ती यायच्या आधी आई घाबरीघुबरी होते आणि सगळी खेळणी पोत्यात जातात. ती माणसं कपाटं उघडतात, बाथरूममध्ये डोकावतात, आईबाबा त्यांच्याशी गोड बोलतात. ती गेली की हत्ती नसतो. आता साडेचार वर्षांच्या डोक्याने याचा अर्थ लाव. काका येतात आणि वस्तू घेऊन जातात! घर विकायचं म्हणजे काय हे तिला कुणी सांगितल्याचं तुझ्या पत्रात तरी नाही. तिने ऐकलंय ते तुमच्या दोघांच्या भांडणातून आणि ब्रोकरच्या फोनवरून. "पार्टी" म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर केक येत असेल. "सगळं विकून मोकळं व्हायचंय" हे वाक्य तुझ्या घरात गेल्या तीन महिन्यांत किती वेळा उच्चारलं गेलं, आठवून बघ. त्या सगळ्यात आपणही आहोत का, असा प्रश्न त्या वयाच्या मुलाला पडू शकतो. पडतोच म्हणेन मी.

तेव्हा आज रात्री पोतं खाली काढायचं, हत्ती तिच्या हातात द्यायचा आणि साध्या शब्दांत सांगायचं. "हे घर आपल्याला लहान पडतं, म्हणून आपण दुसऱ्या मोठ्या घरात राहायला जाणार. तू, बाळ, आई, बाबा, सगळे. हत्ती येणार, सायकल येणार, तुझी गोधडी येणार. हे घर आपण दुसऱ्या कुणाला तरी देणार, म्हणून ते काका-काकू बघायला येतात. ते आपलं काही नेत नाहीत." काय बरोबर येणार नाही तेही सांग, लपवू नकोस. खिडकीची जाळी येणार नाही, खालच्या आजी येणार नाहीत, जिन्यातली मांजर येणार नाही. ती रडेल. रडू दे. एकदाच सांगून भागणार नाही, पंधरा दिवस रोज तेच विचारेल. तुला कंटाळा येईल, तरी उत्तर तेच दे. वारज्याचं घर तिला दाखवलंय का? नसेल तर या रविवारी रिक्षाने घेऊन जा आणि तिची गोधडी कुठे पसरायची ते तिलाच ठरवू दे.

धपाट्याबद्दल तिची माफी माग. "तू खरं बोललीस आणि मी मारलं, माझं चुकलं," एवढं पुरे. मुलांपुढे नमलं की ती डोक्यावर बसतात असं आपल्याकडे मानतात. माझा अनुभव उलटा आहे.

ओल्या अंथरुणाचा बाऊ करू नकोस. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं हा बालरोगतज्ज्ञ आजार धरतच नाहीत. आणि सुटलेली सवय घरातल्या ताणाने परत येणं नेहमीचं आहे. नवं भावंड, नवी शाळा, नवं घर, कशानेही येते. गादीवर रबरी शीट घाल, रात्री न बोलता चादर बदल, सकाळी घरात त्याची चर्चा नको, सासूबाईंसमोर तर नकोच. लघवीला जळजळ होत असेल, ताप असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील किंवा सारखी तहान लागत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे ने. नाहीतर वाट बघ.

आता तिला गप्प कसं बसवायचं. बसवू नकोस.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो, असं त्यात लिहिलंय. तुमच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात पडतं हे तुमच्या घरात उभं राहून कुणाला दिसणार? ते सांगायचं काम तुमचं होतं, ते चिऊने केलं. घरातली कायदा पाळणारी एकटी तीच निघाली, आणि धपाटाही तिलाच!

कायदा बाजूला ठेव. तुला खरंच वाटतं का, की ती बोलली नसती तर हे लपलं असतं? घर घेणारा शहाणा माणूस एकदा खालच्या मजल्याची बेल वाजवतो. आजी सांगणारच, त्या तर वाटच बघत असतील. शिवाय विसार झाल्यावर गळती निघाली तर पार्टी भावात दीड-दोन लाख तोडते आणि तेव्हा तुम्ही अडकलेले असता. गळती आधी सांगितली की भाव तुमच्या हातात राहतो, मागून निघाली की तो त्यांच्या हातात जातो.

तेव्हा बाथरूम दुरुस्त करा. आधी गळती नक्की कुठली ते बघून घे. रात्री नहाणीच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून लादीवर दोन-तीन इंच पाणी साठवायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन आजींचं छत बघायचं. (बाथरूमला बाहेरून कडी घाल. दीड वर्षाच्या पोराला दोन इंच पाणीही जास्त असतं.) पाणी उभं असताना छत ओलावलं तर दोष लादीखालच्या वॉटरप्रूफिंगचा किंवा नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्याच्या) सांध्याचा. छत कोरडं राहिलं आणि नळ-शॉवर सोडल्यावरच ओल आली, तर भिंतीतला पाइप बघावा लागेल. कधी कधी नुसते टाइल्सचे सांधे भरून काम होतं, पण आठ वर्षांच्या बाथरूममध्ये त्यावर विसंबू नकोस. प्लंबर सांगेल "वरून केमिकल मारून देतो." एका पावसाळ्यापुरतं टिकतं ते. फोडायचं असेल तर नीट फोडून, ट्रॅप बदलून, कोबा नव्याने करून घ्या आणि पुन्हा पाणी साठवून बघा. आजींना बोलावून त्यांच्यासमोर बघा. नंतर येणाऱ्या पार्टीला तू स्वतःच सांग, "इथे गळती होती, या महिन्यात काम करून घेतलं, ही पावती, खालच्या आजींना विचारा." याच्यापेक्षा चांगली जाहिरात तुला ब्रोकर देणार नाही.

वन बीएचकेमध्ये बाथरूम एकच. ते पाच-सहा दिवस बंद म्हणजे दोन लहान मुलांना घेऊन राहणं अशक्य. *तेव्हा* साताऱ्याला जा.

कधी, तेही सांगते. गणपती गेले की पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात कुणी टोकन देत नाही, बरेचसे बघायलाही येत नाहीत. ब्रोकरच तुला म्हणेल, "मॅडम, आता नवरात्रातच बघू." हे पंधरा दिवस फुकट गेले म्हणून लोक हळहळतात. तुम्ही ते बाथरूमला द्या. मिस्टर घरी राहून गवंड्याकडे बघतील, तू मुलांना घेऊन आठ दिवस आईकडे जा, झोप काढ आणि घटस्थापनेच्या आधी परत ये.

दोन महिने मात्र जाऊ नकोस. चिऊची शाळा बुडेल हे एक कारण. दुसरं असं, की तिच्यासाठी ते "एक दिवस आपण गेलो आणि आपलं घर नाहीसं झालं" असं होईल. तिला घर सोडायचंय तर ते तिच्या डोळ्यांसमोर सुटू दे. आणि मिस्टरांचा हिशेबही मला पटत नाही. सिंहगड रोडवर जुना वन बीएचके बघायला कोण येतं? नुकतं लग्न झालेलं जोडपं, नाहीतर एका मुलाचे आईबाप. तुम्हीच नव्हता का २०१७ साली? त्यांना घरात पाळणा दिसला, दोरीवर झबली दिसली, तर ती दचकत नाहीत. त्यांना कळतं की इथे पोरं वाढू शकतात. पार्टी पसारा बघून जात नाही. भाव, ओल, पार्किंग आणि आजकाल वास्तू बघून जाते. मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन संडासाची दिशा बघणाऱ्याला तुझ्या पोत्यातली खेळणी दिसली काय, न दिसली काय!

मीही हे केलंय म्हणून सांगते. आमचं डोंबिवलीचं घर विकायला काढलं तेव्हा थोरला तीन वर्षांचा होता आणि धाकटी पोटात. आमच्या ह्यांचंही तेच, पोरगं समोर नको. पार्टी आली की मी त्याला घेऊन जिन्यात जाऊन बसायची. एकदा बाहेर धो धो पाऊस, जिन्यात डास आणि ह्याला लागली शू. थांबेना. शेवटी मी आपल्याच घराची बेल वाजवली. दार उघडलं ते पार्टीच्या बायकोने. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "कोण पाहिजे?"

त्या दिवसापासून मी घरात बसून राहिले. भाजी निवडत. आणि त्याच पार्टीने टोकन दिलं, ११ हजार. ती गोष्ट पुढे येते.

आधी ब्रोकर. उद्यापासून त्याचा फोन तुझ्या मोबाइलवर येता कामा नये. मिस्टर चाकणला असतात, ठीक आहे, चाकणला मोबाइल चालतो. पार्टीशी बोलणं, वेळ ठरवणं, नाही म्हणणं ही कामं त्यांची. वेळ ठरलेली हवी. शनिवारी साडेचार ते साडेसहा, रविवारी दहा ते बारा. बस. ब्रोकर कुरकुर करेल, "सर, पार्टी हातची जाईल." पन्नास लाखांची वस्तू घ्यायला आलेला माणूस शनिवारपर्यंत थांबत नसेल तर तो घेणारा नव्हताच. फेरफटका मारायला निघालेला होता. त्या तीस पार्ट्यांमधल्या पंचवीस अशाच असणार. पुढच्या वेळी वर आणायच्या आधी ब्रोकरने चार गोष्टी विचारून घ्यायच्या: बजेट किती, लोन किती काढणार आणि बँकेने पात्रता सांगितली आहे का, लिफ्ट-पार्किंग चालणार का, ताबा कधी हवा. मोबाइलवर घराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून तो आधी पाठवायचा. निम्मी गर्दी तिथेच गळते. व्हिडिओत आणि जाहिरातीच्या फोटोत मुलं नकोत, भिंतीवरचं चिऊच्या शाळेचं वेळापत्रक नको, फ्रिजवरचा तिचा फोटोही नको. ते फोटो कुठे कुठे फिरतात ते आपल्या हातात राहत नाही. आणि राहतं घर असताना किल्ली ब्रोकरकडे अजिबात नको.

बाळाची दुपारची झोप मोडायची नाही. झोपमोड झालेलं दीड वर्षाचं पोर संध्याकाळी जो तमाशा करतं, त्याने जेवढ्या पार्ट्या पळतील तेवढ्या पसाऱ्याने पळणार नाहीत.

पोतं बंद. एक मोठी प्लास्टिकची पाटी घे, दुधाचा क्रेट मिळाला तर उत्तम. पाहुणे यायच्या आधी खेळणी चिऊने स्वतः त्यात भरायची आणि पाटी खोलीत तिला दिसेल अशी ठेवायची. हत्ती मात्र पाटीत नाही, तो तिच्या काखेत. दोघांची खेळणी निम्मी करून उरलेली खोक्यात बांधायला हरकत नाही, पण तेही तिच्यासमोर आणि खोक्यावर तिनेच काढलेल्या चित्राने. "हे वारज्याला उघडायचं" असं म्हणून. तिला एक काम दे: गॅलरी दाखवायची. इथून सूर्य दिसतो, इथे चिमण्या येतात, तिला जे सुचेल ते. कविता म्हणायला लावू नकोस, नमस्कारही करायला लावू नकोस. बोलली तर बोलली.

तुझ्या उदबत्तीवरून आठवलं. घराला वास नको म्हणून बाथरूमच्या जाळीवर आणि कपाटात डांबर गोळ्या टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. पार्टी येणार म्हटलं की लोक मूठभर टाकतात. त्या पांढऱ्याशुभ्र गोळ्या दीड वर्षाच्या मुलाला पेपरमिंटसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर रक्तावर घाव घालतात. घरात असतील तर आजच काढून टाक. फिनेल, ॲसिडच्या बाटल्या सिंकखालून वरच्या फळीवर. आणि पार्टी घरात फिरत असताना दार सताड उघडं राहतं, गॅलरीचंही. त्या वेळी बाळ कुणाच्या तरी कडेवर असलंच पाहिजे. म्हणून तर मिस्टर घरी असतानाच दाखवायचं.

आता दसऱ्याची मुदत. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ह्या एका ओळीची, आणि तू ती सहज लिहून पुढे गेलीस.

आज पार्टी मिळाली तरी दसऱ्यापर्यंत पैसे हातात येणार नाहीत. घेणाऱ्याचं लोन मंजूर व्हायचं, साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवायचं, तुमच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (लोन पूर्ण फेडायला किती रक्कम बाकी आहे त्याचं पत्र) आणि कागदपत्रांची यादी काढायची, मग त्याची बँक तुमचं लोन फेडणार आणि उरलेली रक्कम तुम्हाला. दोन्हीकडे लोन असताना दोन-अडीच महिने धरावेतच. मूळ कागद बँकेकडे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे लोन पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने ते परत द्यायचे असतात. नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये तिने द्यायचे. पण म्हणजे ३० दिवस तिच्या हातात आहेत, हे धरून चाल. तुमचं लोन फ्लोटिंग व्याजाचं असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही.

म्हणून वारज्याच्या घराच्या मालकांशी *आत्ता* बोला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नको. विसार पावती काढून मुदत चुकली तर दोन लाखांचं काय होतं ते वाचा, आणि डिसेंबरअखेरपर्यंत मुदतवाढ लेखी मागा, दोघांच्या सह्यांनिशी. लोक ऐकतात. गणपतीला त्यांच्या घरी मोदक घेऊन जा आणि स्पष्ट सांगा की आमचं घर विकल्याशिवाय पैसे नाहीत. ते थोडी जास्त रक्कम मागतील, कदाचित मुदतवाढ नाकारतीलही. नाकारलीच तर निदान आत्ता कळेल. तुझ्या घरातली अर्धी भांडणं त्या तारखेची आहेत, पोरीची नाहीत.

आता माझे ११ हजार. टोकन मिळालं म्हणून आम्ही खुशीत घर दाखवणं बंद केलं. कागद काही नाही, तोंडी. दोन महिन्यांनी त्या गृहस्थांचा निरोप आला, बँकेने लोन नाकारलं, टोकन परत द्या. दिलं. धाकटीचा जन्म त्याच घरात झाला. तुम्ही तसं करू नका. टोकन घेतलं की आठवड्याभरात रीतसर विसार पावती करा. त्यात किती दिवसांत साठेखत, किती दिवसांत लोन मंजूर आणि नाही झालं तर काय, हे लिहून घ्या. ते होईपर्यंत शनिवार-रविवार घर दाखवणं चालू ठेवा.

पैशाचं बाकीचं भराभर सांगते. कुणी म्हणेल, "थोडे रोख देतो, करारात कमी दाखवू." नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, आणि तुम्हाला तर पुढचं घर पांढऱ्या पैशातच घ्यायचंय. किंमत ५० लाख किंवा जास्त ठरली तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या करापोटीची कपात, कापून तुमच्या पॅनवर भरेल. ते पैसे गेले असं समजून भांडू नका. सोसायटीची ट्रान्स्फर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायची रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. "विकास निधी" म्हणून वर मागितले तर परिपत्रक दाखवायला सांगा. विक्रीतला नफा जुन्या घराच्या विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेण्यात घातला तर त्यावरचा कर वाचतो. तुमचं त्यात बसतं, तरी सीएला एकदा आकडे दाखवा. घर दोघांच्या नावावर आहे, म्हणजे निबंधक कार्यालयात दोघांनाही जावं लागणार, फोटो आणि अंगठ्यासाठी. तिथे सकाळ जाते. त्या दिवशी मुलांना आजींकडे ठेवता येईल. गळती थांबलेली असली की त्या आनंदाने ठेवतील.

सासूबाईंना काय सांगायचं? काही नाही. "हो आई, शिकवते," म्हण आणि शिकवू नकोस.

आरास कर. गणपतीत लोक घरी येतात-जातात आणि कोण कुठे घर शोधतंय हे मखरापुढेच जास्त कळतं. दोन जणांच्या कानावर घालून ठेव. ब्रोकरचे दीड-दोन टक्के वाचले तर वारज्याच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या होतील.

एक राहिलं. बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर तू चिऊच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा मारल्या असशील. सगळ्याच आया मारतात. पार्टी मिळाली की मिस्टर रंगाऱ्याला बोलावतील आणि पहिल्या हातातच त्या जातील. त्याआधी कागदाची लांब पट्टी चौकटीला लावून सगळ्या रेघा तारखांसकट उतरवून घे. पट्टी गुंडाळून चिऊच्या खोक्यात टाक. बाळाची अजून एकही मारली नसेल, धाकट्याचं नेहमी राहतं. त्याला आजच उभा कर.

— मावशी